ए.ए.ची मीटिंग: पत्ता शोधण्यापासून खुर्चीत बसेपर्यंत

दारू सोडायला ए.ए.च्या मीटिंगचा पत्ता मिळवणं फारसं अवघड नाही. अडतं ते पत्ता मिळाल्यानंतर. सकाळी डोकं जड असताना "आज जायचंच" असं पक्कं ठरलेलं असतं, आणि संध्याकाळी सहाला तेच ठरवणं ढिलं पडतं. मग पाऊस येतो, ऑफिसात काम निघतं, नाहीतर पत्त्यातली शाळाच सापडत नाही. म्हणून इथे शोधायचं कसं हे तर आहेच, पण ठरवल्यापासून पोचेपर्यंतच्या त्या आठ-दहा तासांबद्दल जास्त आहे. तिथेच माणसं गळतात.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सुटलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांना सावरायचं, एवढंच तिचं काम. फी नाही, फॉर्म नाही, हजेरी नाही. सभासद व्हायला अट एकच: दारू थांबवायची इच्छा. मुंबईत ह्या मीटिंगा १९५७ पासून भरतात. आज महाराष्ट्र-गोव्यातल्या मोठ्या शहरांत आणि बऱ्याच तालुक्यांच्या गावीही ग्रुप आहेत.

मीटिंगच्या आधी डॉक्टर कोणाला लागतो

हे वगळून पुढे जाऊ नका. सकाळी हात थरथरायचे थांबावेत म्हणून घ्यावी लागत असेल, पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, भास झाले असतील, किंवा महिनोन्महिने रोज भरपूर पिणं चालू असेल, तर दारू एकदम बंद करणं धोक्याचं आहे. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ आणि बेचैनी सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालताना दिसतात, दिवस-रात्र कळेनाशी होते, ताप चढतो. ह्यात माणूस दगावू शकतो.

अशा वेळी आधी सिव्हिल हॉस्पिटल किंवा सरकारी मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग गाठावा. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीचं मनोविकार रुग्णालय आहे. "मनोरुग्णालय" ह्या नावाला बिचकू नका. दारूसाठी तिथे रोज माणसं येतात, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूमुळे होणारे मानसिक विकार आजारातच धरलेत. डॉक्टर काही दिवस हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, आणि ती घसरगुंडी सुरक्षितपणे पार होते. वरची लक्षणं तुम्हाला लागू असतील तर डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधी स्वतःच्या बळावर एकदम बंद करू नका. फिट आली किंवा माणूस बरळायला लागला, तर थेट १०८.

डॉक्टर आणि मीटिंग ह्यांत निवड करायची नसते. गोळ्या शरीराला सावरतात, आणि बाराव्या दिवशी संध्याकाळी जे रिकामपण येतं त्याला मीटिंग लागते.

यादी कुठे मिळते

मोबाइलवर नुसतं "जवळची दारूमुक्ती मीटिंग" असं टाकलं की वरचे चार-पाच निकाल बहुतेक खासगी केंद्रांच्या जाहिराती असतात. ओळखायची खूण सोपी आहे. फोन उचलणारा पहिल्या दोन मिनिटांत खाटेचे दर सांगतो, "पेशंटला न्यायला गाडी पाठवतो" म्हणतो, किंवा तुमचा नंबर घेऊन दिवसभर फोन करत राहतो. ए.ए.मधलं कोणी असं करत नाही. तिथे दर नसतात आणि कोणी कोणाला उचलून नेत नाही. म्हणून शोधताना "अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस इंडिया" असं पूर्ण नाव टाका आणि त्यांचं स्वतःचं संकेतस्थळ उघडा. हेल्पलाइन आणि शहरवार मीटिंगांची माहिती तिथून मिळते. मोठ्या शहरांत अनेक ग्रुप मिळून एक इंटरग्रुप चालवतात. ताजी यादी त्यांच्याकडे असते, त्यामुळे शक्य तर तिथपर्यंत पोचावं.

इंटरनेट जमत नसेल तरी अडत नाही. सरकारी हॉस्पिटलच्या मनोविकार ओ.पी.डी.त समाजसेवा अधीक्षकांना विचारा, त्यांच्याकडे ग्रुपच्या माणसांचे नंबर असतात. चर्चच्या फलकावर पाहा. बऱ्याच मीटिंगा चर्चच्या आवारातल्या खोलीत भरतात, पण त्याचा धर्माशी संबंध नाही, जागा मिळाली म्हणून तिथे. तशाच त्या पालिकेच्या शाळेत, समाजमंदिरात, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरही भरतात. फलकावर वर्तुळातला त्रिकोण दिसला तर ती ए.ए.ची जुनी खूण.

सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत, आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. मीटिंगची यादी ह्यांच्याकडे असेलच असं नाही, पण जवळचं सरकारी उपचार केंद्र कोणतं हे विचारायला आणि रात्री कोणाशी तरी बोलायला हे नंबर मोबाइलमध्ये असू द्या.

ए.ए.खेरीज दुसरीही दारं आहेत. पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालतं, मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन सुरू केलं. अशा संस्थांत उपचार संपल्यावरही गटात बसण्याची सोय असते. आधी कुठे उपचार झाले असतील, तर त्या संस्थेला फोन करून पाठपुराव्याची मीटिंग आपल्या जिल्ह्यात कुठे आहे ते विचारा. गडचिरोलीत असाल तर मुक्तिपथ ह्या दारू-तंबाखूमुक्ती उपक्रमाची तालुका क्लिनिकं आहेत.

फोन करताना

यादीतला पत्ता आणि आजची मीटिंग ह्यांत फरक पडू शकतो. गणपतीत समाजमंदिरात मूर्ती बसते. निवडणुकीत शाळेचा वर्ग मतदान केंद्र होतो, मे महिन्यात चर्चचा हॉल लग्नाला जातो. ग्रुप मग शेजारच्या खोलीत हलतो आणि यादी तशीच राहते. नवीन माणूस कुलूप बघून परत फिरतो, आणि बंद दार हा त्याला मिळालेला कौल वाटतो. एक फोन केला असता तर हे टळलं असतं.

पलीकडे जो बोलेल तोही दारू सोडलेलाच माणूस असतो, पगारी नोकर नसतो. तो दिवसा कामावर असू शकतो. उचलला नाही तर तासाभरानं पुन्हा करा किंवा मेसेज टाका. वाक्यं जुळवत बसू नका, एवढं पुरे: "नमस्कार. मला दारू सोडायची आहे. मी अमुक भागात राहतो. आज किंवा उद्या जवळ मराठी मीटिंग कुठे आहे?" आडनाव सांगावं लागत नाही. कागद-पेन जवळ ठेवून पुढचं विचारून घ्या:

- आज मीटिंग नक्की आहे ना, किती ते किती?
- जवळची खूण काय? कोणतं फाटक, कितवा मजला, कोणती खोली?
- भाषा कोणती? (मुंबईत एकाच भागात इंग्रजी, हिंदी, मराठी वेगवेगळे ग्रुप असतात.)
- मीटिंग खुली की बंद? खुलीत घरचं माणूस बरोबर चालतं, बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी.
- फाटकापाशी कोणी भेटेल का? मी पहिल्यांदा येतोय.

शेवटचा प्रश्न सोडू नका. पावणेसातला फाटकाशी कोणीतरी आपली वाट बघतंय हे माहीत असलं की पाय आपोआप उचलतात. बऱ्याचदा तो माणूस आपण होऊन म्हणतो, "तुम्ही स्टेशनला उतरलात की फोन करा, मी येतो."

हा फोन काही नवा शोध नाही, ए.ए.ची सुरुवातच त्यातून झाली. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल डब्ल्यू. कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. दारू सुटून पाच महिने झालेले, काम फिसकटलेलं, आणि समोर हॉटेलचा बार. त्यानं लॉबीतल्या चर्चच्या यादीवरून फोन लावायला घेतले, कारण त्याला दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोलायचं होतं. त्या फोनांतून त्याला डॉक्टर बॉब भेटले, तेही पिणारेच, आणि त्या दोघांपासून ए.ए. सुरू झाली.

कोणता ग्रुप निवडावा

घराजवळचाच घ्यावा असं नाही. वेळ बघून निवडा. आपण रोज कधी आणि कुठून जाताना घेतो, ते आठवा. ऑफिस सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या बारमध्ये पहिला पेग लागत असेल, तर त्याच वाटेवरची, त्याच वेळेची मीटिंग सगळ्यात उपयोगी. सात ते साडेआठ माणूस खोलीत बसून निघाला की दिवसाची सगळ्यात निसरडी वेळ ओलांडलेली असते. रविवारी दुपारी पिणाऱ्यानं रविवारची मीटिंग आधी शोधावी. पगाराच्या तारखेला कोणता ग्रुप भरतो, हे वेगळं लिहून ठेवा.

ओळखीचं कोणी दिसेल ही धास्ती असेल तर दोन स्टेशनं पलीकडचा किंवा शेजारच्या तालुक्याचा ग्रुप धरा. तिथेही ओळखीचा निघालाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला आहे. खोलीत जे ऐकलं आणि जो दिसला ते बाहेर बोलायचं नाही, हा नियम सगळे पाळतात, कारण तो प्रत्येकाच्याच गरजेचा आहे.

यादीतून एकाऐवजी तीन मीटिंगा उतरवून घ्या: आजची, उद्याची आणि रविवारची. आजची हुकली तर पुढची कधी हा शोध पुन्हा शून्यापासून सुरू करावा लागू नये.

ती संध्याकाळ

दुपारी नीट जेवा. भूक आणि तलफ वेगळी ओळखता येत नाही, रिकाम्या पोटी संध्याकाळ फार लांबते. साडेपाचच्या सुमारास चहा आणि काहीतरी पोटात घाला. खिशात जाण्यायेण्यापुरते पैसे आणि वर थोडे, बाकी घरी. जाताना नेहमीचा रस्ता टाळा, दोन गल्ल्या वळसा पडला तरी चालेल. "एकेक घेऊ, मग जातोस" म्हणणारा मित्र त्याच रस्त्यावर भेटतो.

पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलं की भरलेल्या खोलीत सगळ्यांच्या नजरेसमोरून जावं लागतं आणि त्या धसक्यानं माणूस दारातूनच वळतो. लवकर गेलं की खुर्च्या मांडायला हात लावता येतो. खुर्च्या मांडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, आणि हातांना काम मिळतं.

आज घेऊनच झाली असेल तर? तरीही जा. गाडी चालवू नका, रिक्षानं किंवा कोणाबरोबर जा, मागे बसा, ऐका. तशा दिवशी बोलू नये असा बऱ्याच ग्रुपचा रिवाज आहे, तेवढा पाळला की कोणी हाकलत नाही. तिथल्या कित्येकांची पहिली मीटिंग अशीच झालेली असते.

आत काय घडतं

सुरुवातीला थोडं मौन किंवा प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतात, दारूतून बाहेर पडायच्या ए.ए.च्या बारा पायऱ्या वाचतात. मग एकेक जण उठून किंवा बसूनच बोलतो: "माझं नाव अमुक, मी मद्यपाशी", म्हणजे दारूच्या पाशात अडकलेला. सगळे नावानं नमस्कार करतात. तो पिण्याचं काय झालं, सुटली कशी, आजचा दिवस कसा गेला हे सांगतो. ह्याला शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, संपल्यावर उलटतपासणी होत नाही. तुमची पाळी आली की "मी आज पहिल्यांदा आलोय, फक्त ऐकतो" म्हणायचं आणि बसायचं. तेही नको वाटलं तर मान हलवली तरी पुढे जातात.

मधे किंवा शेवटी एक पिशवी फिरते. खोलीचं भाडं आणि चहा त्यातून भागतो, बाहेरून देणगी घेत नाहीत. दहा-वीस रुपये टाकतात. नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही.

मग चहा. दारू नुकतीच बंद केलेल्यांना हा चहा सगळ्यात अवघड जातो. भरलेला ग्लास उचलला की हात थरथरतो, चहा बोटांवर सांडतो, आणि माणूस "मी चहा घेत नाही" म्हणून निघून जातो. अर्धाच मागा. दोन्ही हातांत धरा आणि कोपर पोटाशी टेकवा, म्हणजे ग्लास स्थिर राहतो. तिथे चहा ओतणारा बहुतेक वेळा न सांगताच अर्धा देतो, कारण ते हात त्याच्या ओळखीचे आहेत. ह्या दहा मिनिटांसाठी थांबायलाच हवं, फोन नंबर ह्याच वेळी मिळतात. दोघांचे घ्या, दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला दुपारी फोन करा. बोलायला काही नसेल तर "आज घेतली नाही" एवढं सांगा. तलफ आल्यावर पहिल्यांदा फोन करणं जड जातं, बरं असताना एकदा करून ठेवला की मग जमतो.

कुठे बिनसतं

पहिली मीटिंग आवडत नाही, हे फार सामान्य आहे. कुठे सगळे वयस्कर असतात, कुठे एकच जण पाऊण तास बोलतो, कुठे देवाचं नाव फार वाटतं. पायऱ्यांत "आम्हाला उमगलेला ईश्वर" असे शब्द आहेत, आणि तो काय हे ज्याचं त्यानं ठरवायचं. नास्तिक माणसं ह्या खोलीलाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती धरतात आणि त्यांचंही भागतं. निकाल लावायच्या आधी तीन वेगळ्या ग्रुपमध्ये दोन-दोनदा बसा. ग्रुपागणिक वातावरण खरोखरच बदलतं.

कोणी सांगितलं की "डॉक्टरच्या गोळ्या बंद कर, प्रोग्रॅम पुरेसा आहे", तर ऐकू नका. ते त्या माणसाचं मत झालं, ए.ए.चं तसं धोरण नाही. औषध डॉक्टरच बंद करतील. कोणी उसने पैसे मागितले, काढा किंवा पावडर विकायला लागला, किंवा नवीन आलेल्या बाईच्या मागेपुढे करायला लागला, तर ग्रुपच्या जुन्या माणसाला सांगा आणि ग्रुप बदला. दोष त्या माणसाचा आहे, मीटिंगा सोडून देऊ नका.

आणि स्लिप. पुन्हा घेतली गेली की लाजेनं माणूस त्याच ग्रुपला टाळतो, आणि टाळता टाळता सहा महिने जातात. पुढच्याच मीटिंगला जा. कोणी जाब विचारणार नाही. खुर्ची कोणी उचलून ठेवलेली नसते.

बायकांसाठी, आणि घरच्यांसाठी

पिणाऱ्या स्त्रीला दार शोधणं जास्त कठीण जातं, कारण तिला लोक काय म्हणतील हे दुप्पट असतं. हेल्पलाइनवर सरळ म्हणा, "मला ताईंशी बोलायचं आहे." स्त्री सभासद परत फोन करते. मोठ्या शहरांत फक्त स्त्रियांच्या मीटिंगा आहेत, ऑनलाइनही आहेत. मिश्र ग्रुपमध्ये गेलात तर नंबर बायकांचेच घ्या.

नवरा, मुलगा, भाऊ पितो म्हणून हे वाचत असाल, तर त्याच्या "हो"ची वाट बघू नका. तुमच्यासाठी अल-अनॉन आहे, १९५१ पासून चालत आलेली कुटुंबीयांची वेगळी मीटिंग. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. पिणारा येवो न येवो, तुम्ही जाऊ शकता. त्याच्यासाठी ए.ए.ला फोन केलात तर ते बहुधा म्हणतील, "त्यालाच फोन करू द्या." हा कोरडेपणा नाही, दुसऱ्यानं लावलेल्या फोननं माणूस येत नाही हा त्यांचा अनुभव आहे. तुम्ही नंबर लिहून त्याच्या पाकिटात ठेवा. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना.

"पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात असलेली पावडर चहात कालवू नका. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. त्यावर दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, आणि डॉक्टरला कारण कळत नाही. हे औषध डॉक्टर देतात, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं.

गावात ग्रुपच नसेल तर

शेवटची एस.टी. साडेसातला आणि मीटिंग साडेआठला सुटते, अशी गावं पुष्कळ आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस तालुक्याची मीटिंग आणि बाकी दिवस ऑनलाइन असा मेळ घाला. ऑनलाइन मराठी मीटिंगा संध्याकाळी भरतात, लिंक हेल्पलाइनवर मागून घ्या. नाव दिसू नये म्हणून आत जाण्याआधी फक्त पहिलं नाव टाका, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं. इअरफोन लावा आणि घरात नको असेल तर गच्चीवर किंवा शेतातल्या बांधावर बसा, फक्त रेंज आधी बघून ठेवा. परदेशातल्या मराठी माणसालाही हीच मराठी मीटिंग जोडता येते. वेळेचं गणित मात्र भारतीय घड्याळानं करा.

काही महिने टिकलात आणि गावात आणखी एक जण भेटला, तर दोघांत ग्रुप सुरू होतो. एक खोली, एक ठरलेला वार, एक ठरलेली वेळ. तालुक्याच्या ग्रुपला सांगा, ते वाचनाचं साहित्य देतात आणि सुरुवातीला दोन माणसं पाठवतात. सुरुवातीला बऱ्याच वारी कोणी येत नाही. तरी खोली उघडायची, दोन खुर्च्या जास्त मांडायच्या आणि पूर्ण वेळ बसायचं. तीन वेळा दाराशी येऊन परत गेलेला माणूस चौथ्यांदा आत येतो, आणि त्या दिवशी दाराला कुलूप असून चालत नाही.